स्लाइड लायब्ररीत नवीन आहात ना? आधी एवढंच करा

वर्गात प्रोजेक्टरवर दाखवायच्या फिल्मच्या स्लाइड्सच्या कपाटाची किल्ली हातात आली की सगळा कॅटलॉग नव्याने लावायची खुमखुमी येते. ती आवरा. पहिले काही महिने फक्त देवघेव सांभाळा.

१. वहीत ‘पांडवलेणी, २० स्लाइड्स’ असं मोघम लिहू नका. प्रत्येकीचा क्रमांक लिहा. मी एकदा आळस केला. परत आल्या वीसच, पण लेणं क्रमांक ३ चा व्हरांडा गायब आणि त्या जागी एका सरांची सापुताऱ्याची सहल! मोजणी बरोबर, काय बोलणार?

२. स्लाइड काढली त्या खाचेत नाव-तारखेची चिठ्ठी खोचा. वही कोण उघडतंय?

३. परत घेताना माणूस समोर असतानाच लाइटबॉक्सवर (आतून उजेड असलेल्या काचेच्या पेटीवर) पाहा. फ्रेम वाकलीय का, काच तडकलीय का, ओरखडा आहे का. बोटं फ्रेमलाच, फिल्मला नाही.

फ्रेमच्या कोपऱ्यातल्या खुणेच्या ठिपक्याचं लक्षात ठेवा: चित्र सरळ दिसताना तो खाली डावीकडे, प्रोजेक्टरच्या ट्रेत स्लाइड उलटी घातल्यावर वर उजवीकडे. नव्यांचे ताजमहाल इथेच उलटे होतात.

आणि आपला पावसाळा! बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, इमल्शनच (फिल्मवरचा चित्राचा थर) निघतं. ती स्लाइड वेगळी ठेवा, कपाटात सिलिका जेल बदलत राहा.

ज्येष्ठ सरांकडे स्लाइड्स परत मागायला संकोच वाटेल. ‘सर, सोमवारी दुसऱ्या वर्गाला लागणारेत’ म्हणा, लगेच मिळतात. स्कॅनिंगचं दिवाळीनंतर बघू.