सुंता झाल्यावर सगळ्यांचं एकसारखंच दिसतं का? माझ्या बोंडामागं कातडीची वळी उरलीय, ऑपरेशन बिघडलं का?

बिघडलं असं लगेच धरून बसू नका. तुमच्या ऑपरेशनला तीनच आठवडे झालेत, आणि खालच्या बाजूला फुगवटा आहे म्हणता. माझीही तेव्हा हीच गत होती.

मी खानापूरचा, किराणा दुकान चालवतो. नऊ वर्षांची शुगर. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुढची कातडी चिरायला लागली आणि हळूहळू मागं सरकेनाशी झाली. शुगरवाल्यांत हे पुष्कळ होतं. लघवीतून साखर जाते, कातडीखाली ओल राहते, बुरशी धरते, चिरा पडतात, आणि त्या भरताना कातडी आवळत जाते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तर साखर मुद्दाम लघवीतूनच काढतात. तुम्हाला अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. मला मलम देऊन पाहिलं, गुण आला नाही, मग बेळगावला जाऊन सुंता केली. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचून माझं आडनाव दोनदा बघितलं. आमच्याकडं सुंता म्हटली की माणसाला आधी धर्मच आठवतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. पुढची कातडी म्हणजे बाटलीचं बूच नव्हे, की काढलं आणि झालं. ती शर्टाची बाही आत दुमडावी तशी असते. बाहेरची कातडी पुढं येते, वळते आणि आतून मागं जाऊन बोंडाच्या कडेमागं चिकटते. म्हणजे पदर दोन. बाहेरचा नेहमीच्या कातडीचा, आतला ओठाच्या आतल्या बाजूसारखा मऊ आणि ओलसर. डॉक्टर दोन्ही पदर कापून कडा एकमेकींना शिवतात. कुठला पदर किती ठेवला, त्यावर सगळं दिसणं ठरतं. आतला जास्त ठेवला तर टाक्यांची रेषा बरीच मागं येते आणि पुढं गुलाबी, मागं काळसर असे दोन रंग दिसतात. आतला कमी ठेवला तर रेषा अगदी कडेला लागून. एकूण कातडी सैल ठेवली तर ताठर नसताना वळी पडते, कुणाची कडाही झाकली जाते. आवळून शिवली तर काहीच हलत नाही. बोंडाला खालून धरून ठेवणारी कातडीची दोरी कुणी ठेवतो, कुणी कापतो. स्टेपलरनं, म्हणजे कापून लगेच पिना मारणाऱ्या यंत्रानं, केलेली रेषा बहुधा एकसारखी गोल येते. शिवाय पोट सुटलेल्या माणसाचं मुळातच आत ओढल्यासारखं असतं, म्हणून कातडी जास्त वाटते. माझं पोट बघितलंत तर पटेल.

फुगवटा येतो तो बहुतेक उरलेल्या आतल्या पदरात. कापताना तिथलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाटा तुटतात, त्या पुन्हा जुळायला वेळ लागतो. माझा पूर्ण बसायला अडीच महिने गेले. विरघळणारे टाके असतील तर ते आपोआप गळतात, ओढू नका. मी तिसऱ्या दिवशी वाळलेल्या रक्तानं चिकटलेली पट्टी घाईनं ओढली आणि ओरडलो. कंपाउंडर कोमट पाण्याचा मग घेऊन आला, कानडीत म्हणाला, ‘एनू आगंगिल्री’, म्हणजे काही होत नाही हो, आणि दहा मिनिटं नुसतं पाणी सोडत बसला. पट्टी आपोआप सुटली. चड्डी घासून बोंड झोंबतं, तेही काही आठवड्यांत कमी होतं. संबंध मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. साधारण सहा आठवडे धरा.

पू, ताप, थांबत नसलेलं रक्त किंवा लघवी तुंबणं, यात थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवा. उरलेली कातडी पुन्हा बोंडावर आवळून बसत असेल, किंवा जखम भरल्यावर ताठरताना ओढ बसून दुखत असेल, तर मात्र दुरुस्तीचं विचारा. आणि कातडीवर पांढरे कडक चट्टे होते का, तुकडा तपासणीला पाठवला होता का, हे नक्की विचारा. चट्ट्यांच्या त्या आजारात पुढं लघवीचं तोंडही बारीक होऊ शकतं. धार बारीक वाटली तर तेही सांगा.

माझी रेषा कडेपासून दीड बोट मागं आहे आणि डावीकडं जरा तिरकी गेलीय. डॉक्टरांना दाखवली तर हसले, म्हणाले, शिंप्याकडं गेला असता तर सरळ आली असती. आता ती शोधायला मलाच चष्मा लागतो.