परदेशी निधी सांभाळायला संस्था कशी निवडतात? नाव खरंच आधी ठरलेलं असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमची छोटी संस्था टीबी आणि एचआयव्हीच्या रुग्णांच्या घरी जाऊन पाठपुरावा करते. ग्लोबल फंडाच्या, म्हणजे एड्स, टीबी आणि मलेरियाविरुद्धच्या कामाला पैसे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीच्या, पुढच्या अनुदानासाठी ‘प्रिन्सिपल रेसिपियंट’ (मुख्य निधी घेणारी संस्था) हवा अशी जाहिरात आली आहे आणि तुमच्या अध्यक्षांना अर्ज करायचाच आहे. कुणीतरी सांगितलंय की नाव आधीच ठरलंय, जाहिरात नुसता देखावा. तर निवड कशावर होते, आणि हातात तीन आठवडे असताना अर्ज करावा का?

मी या साखळीत दोन्हीकडे बसलोय. आधी एका उपसंस्थेचा हिशेब सांभाळायचो, नंतर दोनदा अर्ज तपासणाऱ्या गटात बाहेरचा सदस्य होतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट, अध्यक्षांना सांगायला अवघड जाईल अशी: ही निवड सगळ्यात चांगलं काम करणाऱ्याची नसते. दुसऱ्यांच्या चुका आपल्या नावावर घेऊन भरपाई करू शकेल अशाची असते. प्रिन्सिपल रेसिपियंट, म्हणजे बोलीत ‘पीआर’, हा ग्लोबल फंडाशी करारावर सही करतो. त्याच्या खाली उपसंस्था असतात, त्यांना ‘एसआर’ म्हणतात, आणि कधी त्यांच्याही खाली आणखी एक थर. सगळ्यात खालच्या थरातल्या एखाद्या कार्यकर्त्याने प्रवासाचं खोटं बिल लावलं आणि ते तपासणीत नामंजूर झालं, तर फंड त्या कार्यकर्त्याला शोधत जात नाही. पैसे पीआरकडे मागतो. पीआरने ते एसआरकडून वसूल करावेत की सोडून द्यावेत हा त्यांचा आपसातला प्रश्न, पण परतफेड अनुदानातून करता येत नाही, स्वतःच्या खिशातून करावी लागते. तुमच्या संस्थेकडे असा कुठल्याही देणगीदाराला न बांधलेला पैसा किती आहे? हा आकडा अध्यक्षांना आजच विचारा. बाकीचं उत्तर न वाचताही निम्मा निर्णय होईल.

आता निवड कोण करतं ते. ग्लोबल फंड २००२ मध्ये सुरू झाला, कचेरी जिनिव्हात, आणि ज्या देशांना पैसे देतो तिथे त्याची स्वतःची कार्यालयं नाहीत. म्हणून देशात एक समन्वय समिती असते, सगळे तिला सीसीएम म्हणतात. सरकार, स्वयंसेवी संस्था, खासगी क्षेत्र, परदेशी भागीदार आणि रोगासोबत जगणारी माणसं असे सगळे तिच्यात बसतात. किमान ४० टक्के सदस्य नागरी समाजातले असावेत ही शिफारस आहे, आणि बाधित लोकांचं प्रतिनिधित्व तर अटच. ही समिती देशाचा प्रस्ताव बनवते आणि पीआरचं नाव सुचवते. शेवटचा शब्द मात्र तिचा नसतो. फंडाने देशात नेमलेला स्थानिक तपासनीस, म्हणजे लोकल फंड एजंट, सुचवलेल्या संस्थेची क्षमता तपासतो. हे काम बहुधा मोठ्या लेखापरीक्षण कंपन्या किंवा तशाच संस्था करतात. त्यांचा अहवाल वाईट आला तर फंड नाव नाकारू शकतो, किंवा अटी घालून घेतो: अमुक पदावर माणूस भरा, तमुक खरेदी तुम्ही करायची नाही.

तर ‘आधीच ठरलेलं’ असतं का? कधी कधी, हो. विशेषतः सरकारी पीआर. टीबीचा राष्ट्रीय कार्यक्रम आरोग्य खातंच चालवत असेल तर औषधं आणि प्रयोगशाळा त्यांच्याच हातात असतात, तिथे दुसरं नाव येणार कुठून? पण पीआरची निवड पारदर्शक आणि लेखी निकषांवर झाली हे दाखवणं ही निधी मिळण्याचीच अट आहे. निकष, गुणतक्ते, बैठकीचं इतिवृत्त, स्वतःचे हितसंबंध असल्याने कोण उठून बाहेर गेलं याची नोंद, सगळं प्रस्तावासोबत जातं. ते नीट नसेल तर अख्ख्या देशाचा प्रस्ताव अडकू शकतो.

मी होतो त्यातल्या एका बैठकीत हे घडताना पाहिलं. एका सदस्याची स्वतःची संस्था अर्जदार होती. तिचा अर्ज निघाल्यावर तो शिस्तीत उठला, बाहेर जाऊन उभा राहिला. गुण देऊन झाले, चहासुद्धा झाला. मग इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं, “सर बाहेर गेले, पण त्यांचे पर्यायी सदस्य इथेच आहेत ना?” त्याच संस्थेचा दुसरा माणूस खुर्चीत बसून गुण देऊन मोकळा झाला होता! सगळे तक्ते फाडून पुन्हा गुण द्यावे लागले. त्या संस्थेचा क्रमांक दुसऱ्यावरून चौथ्यावर गेला. म्हणजे देखावा म्हणा हवं तर, पण त्या देखाव्यालाही दात असतात.

एक पीआर की दोन, हाही प्रश्न असतो. २००८ च्या, अनुदानांच्या आठव्या फेरीपासून फंड सांगत आला आहे की शक्यतो एक पीआर सरकारी आणि एक बिगरसरकारी ठेवा. कारण उघड आहे. देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे लोक सरकारी दवाखान्याच्या रांगेत सहसा उभे राहत नाहीत, काही देशांत तर कायद्याच्या भीतीने लपूनच राहतात. त्यांच्यापर्यंत त्यांच्याच ओळखीची माणसं पोचतात. पण दोन पीआरचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो, आणि त्यावर फार कुणी बोलत नाही. झांबियात २०१० मध्ये आरोग्य मंत्रालयातल्या गैरव्यवहारामुळे फंडाने मंत्रालयाचे पैसे रोखले आणि ती जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडे, म्हणजे यूएनडीपीकडे गेली. तिथे चर्चच्या दवाखान्यांची संघटना आधीपासून वेगळी पीआर होती. एक नळ बंद झाला तरी दुसरा चालू होता.

उलट उदाहरण युगांडाचं. २००५ च्या ऑगस्टमध्ये तिथली पाचही अनुदानं एकदम थांबवली गेली, नोव्हेंबरमध्ये स्थगिती उठली. करारावर पीआर म्हणून अर्थ मंत्रालय होतं, पण पैसे प्रत्यक्षात हाताळत होता आरोग्य मंत्रालयातला एक प्रकल्प कक्ष, आणि घोळ त्या कक्षात होता. सही एकाची, चावी दुसऱ्याकडे. तेव्हापासून कुठलाही अर्ज हातात आला की मी आधी एवढंच पाहतो: धनादेशावर सही करणारा आणि कामाचा जाब देणारा एकाच इमारतीत बसतो का?

गुणतक्त्यात साधारण चार मोठी घरं असतात: आर्थिक व्यवस्था, खरेदी आणि साठा, माहिती आणि मूल्यमापन, आणि कार्यक्रम चालवण्याची व एसआर सांभाळण्याची ताकद. नवे अर्जदार पहिल्या पानांवर संस्थेचा इतिहास आणि अध्यक्षांचे फोटो लावतात. तो भाग कुणी वाचत नाही, मीही वाचला नाही.

साठ्याबद्दल मात्र थांबून सांगतो, कारण या दोन रोगांत सगळं तिथे अडतं. टीबीचा नेहमीचा औषधोपचार सहा महिन्यांचा. मध्ये गोळ्या तुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग उपचार लांबतो, महागतो आणि त्रासाचा होतो. एचआयव्हीची औषधं तर जन्मभराची. त्यात एचआयव्ही असलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका कितीतरी जास्त, म्हणून दोन्ही रोगांचा भार मोठा असलेल्या देशांकडून फंड एकत्रच प्रस्ताव मागतो. टीबी तपासणाऱ्या जीनएक्स्पर्ट यंत्राची काडतुसं फार दिवस टिकत नाहीत, २८ अंशांच्या वर ठेवता येत नाहीत. जास्त मागवली तर मुदत संपते, कमी मागवली तर यंत्र धूळ खातं. खरेदी स्वतः करावी लागेलच असं नाही, फंडाची एकत्रित खरेदीची सोय आहे आणि टीबीच्या औषधांसाठी ग्लोबल ड्रग फॅसिलिटी आहे. पण किती हवं, कधी हवं आणि आलेलं कुठे गेलं, हे सांगणं पीआरच्याच माथी असतं.

अर्जदारांच्या भेटींत आम्ही दोन गोदामं पाहिली. पहिल्या संस्थेचं सादरीकरण झकास, रंगीत आलेख, नकाशे. गोदामातलं स्टॉक कार्ड मात्र इतकं स्वच्छ की शंका यावी. वर्षभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या अक्षरात. म्हणजे आम्ही येणार म्हणून आदल्या रात्री बसून लिहिलेलं. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावरही तेच तिरकं अक्षर, पंधरा वेगवेगळ्या नावांपुढे. दुसऱ्या संस्थेचं कार्ड मळकट, कोपरे दुमडलेले. मी एक औषध निवडून पाकिटं मोजली, कार्डापेक्षा १२ कमी भरली. औषधनिर्माता मुलगा घाबरला नाही. फाइल काढून म्हणाला, “हे बघा, शेजारच्या केंद्राला मंगळवारी उसने दिले, ही त्यांची पावती, कार्डावर चढवायचं राहिलंय.” माझ्या तक्त्यात त्या मुलामुळे त्या संस्थेला साठ्याचे जवळजवळ पूर्ण गुण पडले. गटातल्या एकाने कुरकुर केली की फरक तो फरकच. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

आर्थिक भागात छोट्या संस्था हमखास पडतात ती जागा म्हणजे पगाराची विभागणी. एकाच समन्वयकाचा ६० टक्के पगार एका देणगीदाराकडे आणि ६० टक्के दुसऱ्याकडे लावलेला. चोरी करायची नसते, दोन वेगळ्या माणसांनी दोन बजेटं केलेली असतात. पण दोन्ही ऑडिट अहवाल शेजारी ठेवले की बेरीज १२० होते आणि पुढचं बोलणंच खुंटतं. बँक जुळवणी दर महिन्याची, खरेदीला तीन दरपत्रकं, रोख रकमेची मर्यादा या गोष्टी लेखी नियमावलीत बहुतेकांकडे असतात. तपासनीस विचारतो ती नियमावली पाळल्याचा कागद.

आता तुमचं. माझं मत विचाराल तर पीआरसाठी अर्ज करू नका. तुमचं काम ज्या प्रकारचं आहे त्याला एसआरची जागा शोभते, आणि ती निवड पीआर ठरल्यानंतर पीआर करतो, तीही जाहीरपणे आणि निकष लावूनच. जाहिरातीला उत्तर देऊ शकतील अशा दोन-तीन मोठ्या संस्थांना आत्ताच पत्र लिहा: आम्ही इतक्या रुग्णांचा घरी जाऊन पाठपुरावा करतो, इतक्यांचा उपचार पूर्ण झाला, आमचे तीन वर्षांचे ऑडिट अहवाल सोबत. त्यांना अर्जात खालचं जाळं दाखवायचं असतं, तुमचं पत्र त्यांच्याही कामाचं. पुढे करारापर्यंत आलात तर दोन गोष्टींवर अडून बसा. पहिला हप्ता उशिरा आला तर पगार कुठून होतील, आणि कार्यालयीन खर्चासाठी काही मिळणार की नाही. पहिल्या तिमाहीत पैसे वेळेवर आलेले मी एकदाही पाहिले नाहीत. आमच्या वेळी दोन महिने समन्वयकाने स्वतःच्या बचतीतून कार्यकर्त्यांचा प्रवासखर्च दिला होता आणि पावत्या नसल्याने तो परत मिळाला नाही. करारावर सही करणाऱ्यांपैकी कुणीही त्या समन्वयकाला तेव्हा विचारलं नव्हतं.

सीसीएमवर नागरी समाजाच्या जागांसाठी निवडणूक होते, ती लढवायचा मोह होईल. जरूर लढवा, पण मग तुमचीच संस्था एसआर असेल तर त्या विषयावर दरवेळी बाहेर जावं लागेल. पर्यायी सदस्यालाही सोबत न्या.

अध्यक्ष ऐकतच नसतील तर त्या तीन आठवड्यांत अर्जाची भाषा घासत बसू नका. चालू वर्षाच्या सगळ्या बँक जुळवण्या पूर्ण करा, पगाराच्या टक्केवाऱ्यांची बेरीज करून पाहा, आणि गोदामातलं कुठलंही एक औषध उचलून कार्डाशी मोजा. फरक निघाला तर कार्ड नव्याने लिहू नका, पावती शोधा.