रेसकोर्सवर नोकरी घेऊ का, असं विचारणाऱ्या मुलीस

चि. मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कृषीची पदवी हातात आहे, ट्रॅक विभागात सहायकाची जागा चालून आली आहे आणि घरात दोन तोंडांनी विरोध सुरू आहे. आई म्हणते, जुगाराच्या जागी मुलीनं पाऊल कशाला टाकायचं. बाबा म्हणतात, रेसकोर्स आज आहेत, उद्या नसतील, तिथं कसलं करिअर करतेस.

आईचं आधी बघू. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे असा निवाडा दिला, पण तो आईपुढे ठेवू नकोस. पैजेच्या खिडकीवर आख्खा पगार ठेवून येणाऱ्यांची घरं तिनं पाहिली असतील, मीही पाहिली आहेत. कायदा काहीही म्हणो, तिची काळजी खोटी नाही. तिला एवढंच सांग की तुझं काम तिकिटाच्या खिडकीवर नसून रेलिंगच्या पलीकडं, मातीत आहे. मी इतकी वर्षं तिथं काढली आणि घोड्यावर एक रुपया लावला नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता. कुठला घोडा सकाळी कसा पळाला हे रोज बघणाऱ्या माणसाला जिंकणारा कोण हे बाकीच्यांपेक्षा जास्त काही कळत नाही.

बाबांचा प्रश्न मात्र वजनदार आहे, आणि त्यावर सविस्तर लिहायला हवं.

रेसकोर्स बंद होत आहेत हे खरंच आहे. सिंगापूरला क्रांजीच्या ट्रॅकवर ५ ऑक्टोबर २०२४ रोजी शेवटची शर्यत झाली आणि १८४२ पासून चालत आलेला खेळ संपला. त्याच वर्षी मकाऊनं दुकान बंद केलं. शिकागोजवळचा आर्लिंग्टन पार्क २०२१ मध्ये गेला, आता ती जागा एका फुटबॉल संघाच्या मालकीची आहे. लॉस एंजेलिसचा हॉलिवूड पार्क २०१३ मध्ये बंद झाला आणि तिथं आज प्रचंड स्टेडियम उभं आहे. आपल्याकडं चेन्नईत गिंडीची १६० एकर जागा सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये थकीत भाड्यावरून ताब्यात घेतली, ते भांडण कोर्टात गेलं. बंगळुरूचा भाडेपट्टा २००९ मध्ये संपला, तेव्हापासून ‘शहराबाहेर हलवा’ ही टेप वाजतेच आहे.

या यादीतल्या सिंगापूरकडं नीट बघ. क्रांजी काही जुनं, पडकं रेसकोर्स नव्हतं. बुकित तिमाहची जुनी जागा सोडून शर्यती भरवणारा क्लब तिकडं गेला तो १९९९ मध्ये. नवा ट्रॅक, नवं ग्रँडस्टँड, दिव्यांखाली रात्रीच्या शर्यती, सगळं होतं. तरी शर्यतीच्या दर दिवशी येणारी माणसं २०१० मधल्या सुमारे अकरा हजारांवरून २०१९ पर्यंत सहा हजारांवर आली, मग कोविड आला, आणि २०२३ मध्ये सरकारनं सांगितलं की ही १२४ हेक्टर जमीन घरांसाठी हवी आहे. म्हणजे स्थलांतर करून मिळाली ती जेमतेम पाव शतकाची मुदत. महालक्ष्मीचं रेसकोर्स मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडवर नेण्याची चर्चा वर्तमानपत्रांत आली होती, तेव्हा मला क्रांजीच आठवलं. शहराच्या कडेला फेकलेला ट्रॅक शहराच्या कडेला राहत नाही. शहर त्याच्यामागून येतंच.

उलट उदाहरणही ठेव. सिडनीचं रोझहिल घरबांधणीसाठी विकायचा प्रस्ताव होता, पाच अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा. मे २०२५ मध्ये क्लबच्या सभासदांनी मतदान करून तो फेटाळला, सुमारे ५६ टक्के मतांनी. एवढा पैसा समोर असताना माणसं ‘नको’ म्हणू शकतात, हेही या धंद्यात घडतं.

आता महालक्ष्मी. १८८३ पासून तिथं घोडे पळतात. जागेचा ९९ वर्षांचा पट्टा १९१४ चा, तो २०१३ मध्ये संपला. पुढची दहा वर्षं नूतनीकरण लटकलं. अखेर जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या सभासदांनी मतदान केलं, ७०८ पैकी ५४० मतं बाजूनं पडली, आणि २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडं, ९१ एकर क्लबकडं तीस वर्षांच्या पट्ट्यानं, असा तोडगा निघाला. या सगळ्या वादात दोन छावण्या पडल्या: घोडेवाले आणि बागवाले. टीव्हीवर दोघांची जुंपली की मला हसू यायचं, कारण दोघांनाही खरी भीती तिसऱ्याचीच होती, बिल्डरची. घोडेवाला म्हणतो, आम्ही आहोत म्हणून जमीन मोकळी राहिली. बागवाला म्हणतो, मोकळी आहे पण आमच्यासाठी नाही. दोघांचंही खरं आहे. माझं मत विचारशील तर उद्यान व्हावं, लोकांना ती जागा मिळावी. मुंबईत माणशी मोकळी जमीन किती कमी आहे हे सांगायला मी कशाला हवा. पण ट्रॅकही राहावा, आणि तो ट्रॅक म्हणून राहावा, उद्यानाभोवतीची शोभेची कुंपणपट्टी म्हणून नव्हे.

इथं तुझं काम सुरू होतं, कारण हा भाग त्या चर्चेत फारसा कुणी बोललंच नाही.

ट्रॅक म्हणजे नुसतं हिरवं गवत नसतं. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळतं, आणि भरधाव दौडीत एका पुढच्या पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. तो भार झेलते जमीन, आणि उरलेला झेलतं हाड. जमीन कडक असली तर ट्रेनरला कळतं, तो सांभाळून घेतो. नरम असली तरी कळतं. घात होतो तो जमीन दहा पावलं कडक आणि अकराव्या पावलाला नरम असली की. एक स्प्रिंकलर अर्धा तुंबलेला असला, वळणावरचा उतार एका जागी बसलेला असला, तर हेच होतं.

जमीन किती कडक हे मोजायला शर्यतीच्या सकाळी पेनेट्रोमीटर लावतात. एका कांडीवर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचं आणि कांडी किती सेंटिमीटर आत गेली ते वाचायचं. ट्रॅकभर बऱ्याच ठिकाणी असं करून जी सरासरी येते ती जाहीर होते. लोक ती वाचून आपापला घोडा ठरवतात, ठरवू देत. तू मात्र सरासरीला भुलू नकोस. ट्रॅक विभागाला सरासरीइतकी सोयीची थाप दुसरी नाही. सुटे आकडे बघ, कुठल्या फर्लांगाला (म्हणजे साधारण दोनशे मीटरच्या टप्प्याला) कुठला आकडा, रेलिंगलगत किती आणि चार मीटर बाहेर किती. आतल्या कडेला सगळे घोडे दाटी करतात, म्हणून तीच पट्टी आधी मरते. तिला विश्रांती द्यायला फॉल्स रेल, म्हणजे तात्पुरतं रेलिंग, बाहेर सरकवतात. ती कधी सरकवायची, किती, आणि ट्रेनरांनी कुरकुर केली तरी किती दिवस ठेवायची, यातच ट्रॅकवाल्याची खरी परीक्षा.

आणि शर्यत सुटल्यावर ट्रॅकवर उतर. घोडे गेल्यावर बायका-माणसं घमेली घेऊन ओळीनं चालत येतात. खुरानं उपटलेली गवताची चकती तळहाताएवढी असते, बहुतेक वेळा उलटी पडलेली, मुळं वर. ती पायानं पलटून खळग्यात बसवायची, वाळू-मातीचं मिश्रण घालायचं, टाचेनं दाबायचं. पुढच्या शर्यतीला अर्धा तास असतो. या कामाला कुणी नाव ठेवलेलं नाही, त्यावर कुणी लेख लिहीत नाही, पण ज्या बाई हे वर्षानुवर्षं करतात त्यांना ट्रॅकचा कुठला कोपरा कधी सैल पडतो ते तुझ्या साहेबांपेक्षा जास्त ठाऊक असतं. पहिल्या महिन्यात त्यांच्याबरोबर घमेलं उचल. प्रयोगशाळेतला माती-अहवाल नंतर वाचता येईल.

मुंबईचा हंगाम हिवाळ्यात आणि पावसाळ्यात शर्यती पुण्याला, ही रीतही मुळात जमिनीनं घालून दिलेली आहे. मुंबईच्या पावसात त्या सखल जागी घोडा पळवणं शक्यच नाही. म्हणून मला उद्यानाच्या आराखड्याबद्दल जी धास्ती वाटते ती फुलझाडांची नाही, पाण्याची आहे. मधल्या मैदानात भर घातली, टेकड्या केल्या, जमिनीखाली वाहनतळ खणला, तर ट्रॅकवरून उतरणारं पाणी कुणीकडं जाणार? लोकांना आत न्यायला रस्ते लागतील, ते ट्रॅकच्या खालून की वरून? पहाटे साडेपाचला सराव सुरू असताना पतंगामागं धावणारं पोर किंवा सुटलेलं कुत्रं आत आलं तर? हे प्रश्न सुटणारे आहेत. पण त्या बैठकीत ट्रॅकचं माणूस बसलेलं असायला हवं. वास्तुविशारद असतात, वकील असतात, सभासद तर असतातच. गवत-मातीचं माणूस चहा झाल्यावर बोलावतात.

कॅलिफोर्नियातल्या सांता अनिताचं प्रकरण तुला इंटरव्ह्यूत विचारतील, तेव्हा ते नीट समजून जा. २०१८-१९ च्या हिवाळी-वसंत हंगामात तिथं ३० घोडे दगावले. त्या वर्षी नेहमीपेक्षा बराच जास्त पाऊस, मुख्य ट्रॅक मातीचा. पावसाआधी ट्रॅक दाबून ‘सील’ करायचा, मग उघडायचा, पुन्हा सील करायचा, हे सारखं चाललं होतं. मार्चमध्ये शर्यती थांबवल्या, सोडून गेलेल्या जुन्याजाणत्या ट्रॅकप्रमुखाला परत बोलावलं. सगळ्यांनी खापर जमिनीवर फोडलं. पुढच्या वर्षी सरकारी चौकशीचा अहवाल आला, त्यात दिसलं की हाड मोडून गेलेल्या बहुतेक घोड्यांना त्याच जागी आधीची इजा होती. म्हणजे जनावर आधीच दुखावलेलं, त्यात ओली जमीन, त्यात ‘घोडे भरा, शर्यत पळवा’ हा दबाव. ट्रॅकचा दोष असेल तिथं कबूल कर, पण डॉक्टर, ट्रेनर आणि व्यवस्थापन यांचा वाटा निमूट अंगावर घेऊ नकोस. त्यासाठी तुझ्याकडं रोजच्या नोंदी हव्यात, तारीखवार, शाईनं लिहिलेल्या.

नोंदींवर मी इतका भर देतो त्याला आणखी एक कारण आहे. रेसकोर्स सरकारी आदेशानं एका दिवसात बंद होतो असं लोकांना वाटतं. मी पाहिलं ते असं: पट्टा संपतो, पुढचं कुणाला माहीत नसतं. ट्रॅकखालच्या निचऱ्याच्या नळ्या बदलायला हव्यात, पण जमीन आपली राहणार की नाही हेच ठरलेलं नाही, मग खर्च मंजूर कोण करील? पुढच्या हंगामात बघू. इकडं कर वाढतो, ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला. कर चुकवायला पंटर, म्हणजे पैज लावणारा, बेकायदा बुकीकडं वळतो, टोटचा, म्हणजे अधिकृत पैजेचा, गल्ला आटतो, आणि क्लबच्या बजेटमध्ये पहिली कात्री ट्रॅकवर चालते, कारण गवत तक्रार करत नाही. रोलर जास्त फिरवतात, जमिनीला भोकं पाडून हवा द्यायचं काम पुढं ढकलतात. दोन हंगामांत ट्रॅक दगडासारखा होतो. घोडे लंगडतात, मालक घोडे कमी करतात, शर्यतीत पाच-सहाच घोडे उतरतात, बघायला कोण येणार? मग कुणीतरी आकडे पुढं करतं, बघा, लोकांनाच हा खेळ नको आहे. खेळ बंद पडला तो कधी, हे शोधायला मागं मागं गेलीस तर न बदललेल्या नळीपाशी पोचशील.

म्हणून बाबांना सांग, धोका आहे, पण तू शिकणार आहेस ते रेसकोर्सबरोबर बुडणारं नाही. खेळाचं गवत, त्याचा निचरा, दाबाखाली जिवंत राहणारी मुळं, हे जाणणारी माणसं आपल्याकडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. क्रिकेटची मैदानं, गोल्फ कोर्स, उद्या ते १२० एकरांचं उद्यानसुद्धा, सगळीकडं हेच ज्ञान लागतं. लोलापालूझासारखा संगीताचा जलसा झाल्यावर हजारो पायांखाली तुडवलेलं मैदान पुन्हा उभं करणं हाही आता याच कामाचा भाग झाला आहे. वर्षं तीन दे. त्यानंतर आवडलं नाही तर सोड, मी बाबांशी बोलीन.

मुलाखतीला जाशील तेव्हा शूज जुने घाल आणि ट्रॅकवर फिरायला मिळेल का ते विचार. ‘नाही’ म्हणाले तर विचार कर. पगाराचं बोलायच्या आधी एकच गोष्ट माग: जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्यांचा नकाशा. तो निघाला, चुरगळलेला का असेना, तर मुकाट्यानं देतील तो पगार घे. नकाशाच नाही म्हणाले तर पाच हजार वाढवून माग, कारण तो तुलाच काढावा लागणार आहे.

तुझा,
काका