ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी नळीतून फीड सुरू केलं, घाई झाली का?

तुम्ही विचारलंय की वडिलांची अन्ननलिका कॅन्सरमुळे काढली, त्याला अजून एक दिवसही झाला नाही, वारंही सरलं नाही, तरी पोटावरच्या नळीला फीड, म्हणजे पातळ अन्न, लावलं. भाऊ, घाई नाही झाली. मी धुळ्याला सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे.

मी शिकत होते तेव्हा रोज सकाळी राउंडला एकच प्रश्न असायचा, "वारं सरलं का?" सरेपर्यंत पेशंट फक्त सलाईनवर. पण ऑपरेशननंतर जठर एक-दोन दिवस सुस्त असतं, मोठं आतडं त्याहून जास्त. लहान आतडं मात्र काही तासांतच हलायला लागतं. पोटावरच्या नळीचं टोक तिथंच असतं, अन्ननलिका काढून आत जिथं जोड शिवलाय त्या टाक्यांच्या बरंच खाली. म्हणून फीड जोडावरून जात नाही. तोंडाने पुरेसं खाता येणार नसेल तर २४ तासांच्या आत नळीतून सुरू करा, असं आता मार्गदर्शक सूचनाच सांगतात. तुमच्या वडिलांना घास उतरत नव्हता, म्हणजे ते आधीच खंगलेले. आणखी पाच दिवस उपाशी ठेवलं तर जखम कशाच्या जोरावर भरणार?

बीपी टिकवायला औषधाचा पंप जोरात चालू असेल तर मात्र फीड थांबवून ठेवतात, ते बरोबरच आहे.

खरी घाई होते ती प्रमाणात. सुरुवात तासाला १० ते २० मिलीची. एवढंसं बघून घरच्यांचा जीव खालीवर होतो. एक आजी मला म्हणाल्या, "दोन दिन व्हई ग्यात, पोटमा काहीच नही!" पण पूर्ण प्रमाणावर यायला पाच ते सात दिवस लागू शकतात. फार खंगलेल्या माणसाला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम घसरतं, म्हणून त्या तपासण्या होतात. पोट फुगून ताठ झालं, उलटी झाली, दुखणं वाढलं, तर लगेच सांगा. नुसते जुलाब असतील तर बहुतेकदा वेग कमी करून भागतं.

नाकातली नळी वेगळी, ती जठरातलं पाणी बाहेर काढायला. तिला हात लावू नका.

आणि घरचं काही नळीत घालू नका. रावेरकडच्या एका मुलाने प्रेमाने केळ्याचं शिकरण सिरिंजने ढकललं. नळी बारीक, गच्च बसली. कोमट पाणी पुढे-मागे करत मी पाऊण तास उभी होते, तेव्हा सुटली. गोळ्यांच्या भुकटीनेही असंच होतं, म्हणून पातळ औषध मिळतं का ते विचारा. दर चार तासांनी साधारण ३० मिली पाणी सोडलं जातंय ना, एवढं बघा, आणि उशाकडची बाजू उंच ठेवा.

तोंडाने पाणी कधी, भाकरी कधी, हे ज्यांनी जोड शिवला त्या सर्जनलाच विचारा. जठराच्या ऑपरेशनला बऱ्याचदा लवकर घोट-घोट देतात. अन्ननलिकेला काही डॉक्टर आठवडाभर थांबून, औषध पाजून एक्स-रे फोटो काढतात आणि मगच पहिला चमचा देतात.