गवताची गंजी आणि नमुना १-ई

प्रश्न : माझी मुलगी तलाठी झाली. पन्हाळा तालुक्यात साझा मिळालाय. पाहुणे म्हणतात, ‘सातबारा-फेरफार बघ, गायरानाच्या भानगडीत पडू नको.’ तुमची हयात महसुलात गेली. तिला काय सांगाल?
– एक वाचक, कागल

उत्तर : लेकीचं अभिनंदन. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गाव तिला तलाठी मॅडमच म्हणणार.

पाहुण्यांचा हा सल्ला मीही एकदा पाळला. पहिलाच साझा, डोंगराकडेचा. पीक पाहणीला फिरताना गायरानाच्या कडेला गवताची गंजी दिसली. कोतवाल म्हणाला, “असू दे की साहेब, गंजीच हाय.” मी नमुना १-ई उघडलाच नाही. सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंदवही ती. पुढच्या पावसाळ्यात गंजीवर पत्रा चढला, मग म्हशींचा गोठा झाला, मग चूल पेटली. माझी बदली झाली. अकरा वर्षांनी मंडल अधिकारी होऊन त्याच दारात गेलो ते जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खालची, अतिक्रमण हटवण्याची नोटीस घेऊन. दारात तुळस, आत बाळंतीण. म्हातारीनं आधी पाण्याचा तांब्या दिला, मग विचारलं, “तवा तूच हुतास न्हवं? तवा का बोलला न्हाईस?” गंजी अर्ध्या दिवसात हलली असती.

२०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानं मोकळी करायला सांगितली, तेव्हा कोल्हापुरात मोर्चे निघाले. त्या गर्दीत अशा किती गंज्या असतील, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं.

सरपंच म्हणेल, गायरान पंचायतीचं. देखभाल पंचायतीची, मालकी सरकारची. गुरांसाठी राखलेली जमीन पंचायतीला वाटता येत नाही. हे तिनं गोडीत सांगावं, पण पहिल्याच भेटीत.

दुसरं, २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकरीच मोबाइलवर पिकाचा फोटो काढून करतो. तलाठ्याचं शिवारात जाणं त्यानं कमी झालं. गायरानाचा फोटो कोण पाठवणार? तेव्हा पहिल्या महिन्यातच गावनकाशा आणि गट नंबरांची यादी घेऊन तिनं हद्दीचे दगड शोधावेत. दगड सापडला नाही तर अंदाजानं हद्द सांगू नये, भूमी अभिलेखकडून मोजणी मागावी. कोतवालाला सोबत घ्यावं, पण वही स्वतःच्या हातात ठेवावी. आणि पायीच फिरावं. तिकडच्या पावसात गाडी तशीही वर चढत नाही.