प्लेटलेट्स कमी : आजार की आईकडचा वारसा?

प्रश्न : गेली सहा वर्षं माझ्या प्लेटलेट्स ७०-८० हजारांच्या वर जात नाहीत. आयटीपी म्हणून स्टेरॉइड झालं, पण आकडा हलला नाही. आता आईच्याही ९० हजारच निघाल्या. माझ्या चार वर्षांच्या मुलीलाही हे होईल का?

उत्तर : आयटीपीत शरीरातल्याच अँटिबॉडी प्लेटलेट्स नष्ट करतात. स्टेरॉइडने बहुतेकांचा आकडा तात्पुरता तरी चढतो आणि हा आजार सहसा पिढीजात नसतो. तुमच्या बाबतीत दोन्ही जुळत नाही. आयटीपी ठामपणे सिद्ध करणारी चाचणीच नाही. बाकी कारणं वगळून ते नाव दिलं जातं. त्यामुळे जन्मजात कमतरता असलेले काहीजण विनाकारण स्टेरॉइड घेत राहतात, काहींची तर प्लीहाही (जुन्या रक्तपेशी गाळणारा पोटातला अवयव) काढली जाते.

आधी जुने रिपोर्ट शोधा. पूर्वी एकदा जरी दीड लाखाच्या वर नोंद असेल, तर जन्मजात कारणाची शक्यता बरीच घटते. मग तुमचं आणि आईचं स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. एमवायएच-९ जनुकाच्या दोषात काही प्लेटलेट्स लाल पेशीएवढ्या मोठ्या असतात. यंत्र आकारावरून मोजतं, त्यामुळे त्या मोजणीतून सुटतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. पांढऱ्या पेशींत फिकट निळसर ठिपकेही दिसू शकतात. तसं आढळलं तर श्रवण चाचणी, लघवीतलं प्रोटीन आणि मोतीबिंदूसाठी डोळे तपासावेत, कारण हाच दोष तिथेही उमटतो.

तुम्हाला आणि तुमच्या आईला, दोघींना असेल तर जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीतला दोषही पुरतो, असं धरून चालावं. मग प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ५० टक्के शक्यता. बर्नार्ड-सूलिए या मोठ्या प्लेटलेट्सच्या जन्मजात विकारात बहुधा आईवडील दोघेही वाहक (एकच सदोष प्रत असलेले) असावे लागतात. तिथे ती २५ टक्के. विस्कॉट-ऑल्ड्रिच हा जन्मजात विकार एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून तो जवळजवळ मुलग्यांनाच होतो. त्यात प्लेटलेट्स बारीक, सोबत एक्झिमा (त्वचेला खाज, पुरळ) आणि वारंवार जंतुसंसर्ग.

प्लेटलेट्सचा आकार नेहमीसारखाच असेल तरी जनुक तपासणी टाळू नका. आरयूएनएक्स-१, ईटीव्ही-६ आणि एएनकेआरडी-२६ या जनुकांच्या दोषांत रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मुलीचं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर आत्ताच करा. निदान होईपर्यंत तुम्ही ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका. दात काढण्याआधी डॉक्टरांना आकडा सांगा.

प्रश्न : प्लेटलेट्स ४२ हजार आल्या, पण अंगावर एकही डाग नाही की हिरड्यांतून रक्त नाही. घाबरावं का?

उत्तर : आधी आकडाच खरा आहे का ते बघा. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट्सचे पुंजके होतात आणि यंत्र ते मोजत नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घेऊन लगेच मोजायला सांगा. त्या नळीत नऊ भाग रक्तात एक भाग द्रव असतो, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणावं लागतं. लॅबने ते केलंय का, विचारा. स्मिअरमध्ये पुंजके दिसले आणि सायट्रेट नळीतला आकडा नेहमीसारखा आला, तर उपचारांची गरज नाही.