शंका-समाधान : हिराची गुहा आणि वाद्यवृंद

प्रश्न : इस्लामच्या आरंभकाळावर पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी सुमारे २५ मिनिटांची रचना करण्याचे मनात आहे. हिराची गुहा (जिथे प्रेषित महंमदांना पहिला साक्षात्कार झाला), हिजरत (मक्केहून मदिनेला स्थलांतर) आणि मक्केतील पुनरागमन असे तीन खंड योजले आहेत. पहिल्या खंडाच्या परमोच्च क्षणी कुराणातील आयती गायकवृंदाला द्याव्यात का? अरबी वातावरणासाठी हिजाझ मकाम (मकाम म्हणजे अरबी संगीतातील रागासारखी स्वरचौकट) पुरेसा होईल का?

उत्तर : आयती गायकवृंदाला देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कुराणाचे पठण कानाला कितीही सुरेल वाटले, तरी परंपरा त्याला गायन मानत नाही. तजवीदच्या, म्हणजे शुद्ध उच्चाराच्या, नियमांनी बांधलेल्या त्या पठणाला वाद्यांची साथ नसते, आणि ती देणे अनेक श्रद्धावंतांना अवमानकारक वाटते. पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांच्या कवितेत आलेल्या युसूफच्या कथेतील आयतीचा अंश गायल्याबद्दल गायक-संगीतकार मार्सेल खलीफे यांच्यावर लेबनॉनमध्ये खटला चालला होता. १९९९ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, पण वादाचे स्वरूप त्यावरून ध्यानात यावे. प्रेषितांच्या व्यक्तिरेखेसाठी एखादे वाद्य नेमण्याचा मोहही टाळावा. मुस्तफा अक्काद यांच्या ‘द मेसेज’ या १९७६ च्या चित्रपटात प्रेषित महंमद दिसत नाहीत आणि त्यांचा आवाजही ऐकू येत नाही, तरीही कथा अडत नाही. संगीतात तर हे आणखी सोपे आहे, कारण भोवतालच्या माणसांचे ऐकणे हाच रचनेचा विषय होऊ शकतो.

गुहेचा प्रसंग लिहिताना बहुतेकांचा हात आधी ट्रम्पेटकडे जातो : देवदूत आला, की पितळी वाद्ये गरजलीच पाहिजेत! मला मात्र त्यानंतरची घटका अधिक मोलाची वाटते. परंपरेनुसार, इ. स. ६१० च्या सुमारास ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’, ही आज्ञा तीनदा ऐकून थरथरत डोंगर उतरलेले महंमद घरी येतात आणि पत्नी खदीजाला म्हणतात, ‘मला पांघरूण घाला.’ ही थरथर म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावलेल्या व्हिओलांच्या अगदी हलक्या ट्रेमोलोत, म्हणजे एकाच स्वराच्या जलद कंपनात, लिहून पाहा, आणि तिच्यावर चेलोंचा एकच दीर्घ स्वर पांघरुणासारखा हळूहळू पसरू द्या. गर्जनेची उणीव भासणार नाही.

हिजाझविषयी सांगायचे, तर तो मकाम चित्रपटांनी इतका वापरला आहे की वाळवंट दिसले की तो वाजणारच, असे श्रोत्याला आता ठाऊक झाले आहे. शिवाय कोमल रिषभानंतर शुद्ध गंधार येताच आपल्या कानांना भैरव आठवतो, मक्का नव्हे. मकामांची सविस्तर मांडणीही पुष्कळ नंतरची आहे. संगीतशास्त्रज्ञ सफीउद्दीन उर्मवी यांनी बगदादमध्ये ती लिहिली तेराव्या शतकात. सातव्या शतकाच्या अधिक जवळ जायचे असेल, तर स्वरांपेक्षा छंदाकडे वळावे. उंटांच्या तांड्यासोबत म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांना ‘हुदा’ म्हणत आणि त्यांचा संबंध रजज या छंदाशी जोडला जातो. त्याचा मूळ गण ‘मुस्तफ्इलुन’, म्हणजे मराठी गझल लिहिणाऱ्यांच्या परिचयाचा ‘गागालगा’. मात्रा मोजल्या तर २, २, १, २ अशा सात होतात. हाच ठेका डबल बासच्या पिझिकाटोत (बोटाने तारा छेडून) आणि एका बसूनमध्ये (खर्जातले फुंकवाद्य) ठेवून ६२२ ची हिजरत लिहिता येईल. सातव्या मात्रेनंतर पाऊल किंचित लवकर पडल्यासारखे वाटते, आणि पाठलाग चुकवत चाललेल्या प्रवासाला ती घाई शोभते. तालवाद्य हवेच असेल, तर एक डफ पुरे.

तिसऱ्या खंडात अजानची चाल जशीच्या तशी उचलण्याचे आपण ठरवलेले नसावे, अशी आशा आहे. फेलिसियाँ दाव्हिद यांनी १८४४ मध्ये पॅरिसमध्ये सादर केलेल्या रचनेत मुअज्जिनचे (अजान देणाऱ्याचे) गाणे एका टेनर गायकाला दिले होते. आज मात्र ते प्रार्थनेचे खरेखुरे बोलावणे आहे, हे विसरता येत नाही. अजानचा आराखडा तेवढा घ्यावा. अजानमधील बहुतेक वाक्ये दोनदा म्हटली जातात, दुसऱ्यांदा बहुधा अधिक लांबवून, आणि मध्ये निवांत थांबा असतो. मक्का ६३० मध्ये हाती आल्यावर प्रेषितांचे सहकारी बिलाल यांनी काबेवरून अजान दिली, अशी परंपरा आहे. एकटा हॉर्न, तोच वाक्यांश दोनदा, आणि मग पूर्ण शांतता : एवढ्यावर हा खंड उभा राहू शकेल.

प्रश्न : मकामांतील, पेटीच्या दोन पट्ट्यांमधले स्वर वाद्यवृंदाकडून नेमके वाजतील का?

उत्तर : एकट्या वादकाकडून वाजतील, समूहाकडून क्वचितच. बयाती या मकामात षड्जानंतरचा स्वर कोमल आणि शुद्ध रिषभाच्या साधारण मधोमध असतो. बारा व्हायोलिनवादक तो बारा ठिकाणी शोधतील आणि स्वर धूसर होईल. म्हणून तो एका व्हायोलिनला किंवा चेलोला द्यावा आणि बाकीच्यांनी आधारस्वर धरावा. त्याखाली मेजर-मायनर कॉर्ड रचू नयेत, कारण मधला स्वर तेथे बेसूरच भासतो. ट्रॉम्बोनची नळी सरकती असल्याने त्यालाही तो जमतो. हार्पवर तो हवा असेल, तर त्या स्वराच्या तारा आधीच उतरवून घ्याव्या लागतात. मग त्या तारा मूळ स्वरासाठी उपलब्ध राहत नाहीत, तेव्हा ही सूचना स्वरलिपीच्या पहिल्याच पानावर लिहावी.